बेळगावहून रायगड : घरच्या ज्येष्ठांना रोपवेने गडावर कसे न्यावे

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दिवाळी आली की गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात. वैशाखातल्या शिवजयंतीला पोरं गडावरून शिवज्योत घेऊन धावत येतात. पण ज्या आजी-आजोबांनी या पोरांच्या कानावर पहिल्यांदा रायगडाचं नाव घातलं, त्यांच्यातल्या कित्येकांनी रायगड डोळ्यांनी पाहिलेला नसतो. उमेदीच्या वयात संसारातून सवड झाली नाही, आता गुडघे ऐकत नाहीत आणि पायऱ्या तर चौदाशेच्या वर. अशा मंडळींसाठी १९९६ पासून सुरू असलेला रोपवे हाच खरा रस्ता. गडाची ही फेरी अर्ध्या दिवसात नीट होते, फक्त आखणी आधी करायला हवी.

आखणीतली मुख्य गोष्ट आधीच सांगतो. रोपवे चढण वाचवतो, चालणं वाचवत नाही. बहुतेक घरांत तिकिटाची आणि गाडीची चर्चा आठवडाभर चालते आणि वर पोचल्यावर किती चालायचं हे कुणीच विचारलेलं नसतं. वरच्या स्थानकापासून राजसदर जवळ आहे, पण तिथवर पायऱ्या आणि चढ आहे. जगदीश्वराचं मंदिर आणि महाराजांची समाधी त्याच्याही बरीच पुढे आहे. सगळं पाहून परत यायचं तर दोन-अडीच तास पायांवर राहण्याची तयारी हवी, आणि वाटेत सावली जवळपास नाहीच.

म्हणून पहिली पायरी बेळगावातच. महिनाभर आधी एका रविवारी सकाळी येळ्ळूरच्या राजहंसगडावर जा. गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते, त्यामुळे चाचणीला ही जागा सोयीची. आत सिद्धेश्वराचं दर्शन घ्या, तटावरून एक फेरी मारा आणि बाबांना दम कुठे लागतो, आई पायऱ्या उतरताना कशाचा आधार घेते ते गुपचूप बघून ठेवा. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारात रोज सकाळी फेऱ्या मारणारी माणसं सपाटीला पक्की असतात, पण ओबडधोबड दगडी पायरीची सवय वेगळी. उतरताना गुडघा कुरकुरत असेल तर काठी आत्ताच घ्या आणि ती वापरायची सवय होऊ द्या. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

दिवस कोणता निवडायचा

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. त्यातही पाऊस ओसरल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत चांगले, कारण हवा धुतलेली असते आणि लांबचे डोंगर स्पष्ट दिसतात. मार्चनंतर धुरकट होतं आणि ऊन वयस्कर माणसांना सोसत नाही. पावसाळ्यात रोपवे वारा-पावसाच्या मर्जीवर चालतो. ढगांमुळे दिसत काही नाही, शेवाळलेल्या फरशीवर पाय मात्र घसरतो. ज्येष्ठांना घेऊन जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नये, कुणी कितीही फोटो दाखवू दे.

६ जून आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी हे राज्याभिषेक सोहळ्याचे दिवस. चैत्री पौर्णिमेला महाराजांच्या पुण्यतिथीचा कार्यक्रम असतो. १९ फेब्रुवारीच्या आसपासही लोटालोट असते. सोहळा बघायचाच असेल तर तरुणांनी पायऱ्यांनी जावं, आईवडिलांना त्या गर्दीत नेऊ नये. शनिवार-रविवारीही रोपवेची रांग तासन्‌तास हलत नाही, म्हणून मंगळवार-बुधवारसारखा मधला वार धरा. नातवंडांची शाळा एक दिवस बुडाली तर बुडू द्या.

बेळगाव ते पाचाड

बेळगाव-महाड अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे. अर्ध्या दिवसाची सहल म्हणतो ती गडावरची. आदल्या दिवशी प्रवास, रात्री मुक्काम, सकाळी गड हाच हिशेब धरा. रात्रभर गाडी हाकून पहाटे पायथ्याशी पोचायचं धाडस मित्रांबरोबर ठीक, आईवडिलांबरोबर नको.

पहाटे बेळगाव सोडलं की संकेश्वर, निपाणी, कागल करत कोल्हापूर, तिथून कराड. कराडपर्यंत हमरस्ता सरळ आहे. हत्तरगी, कोगनोळी, किणी असे टोलनाके लागतात, फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या रात्रीच बघा. कराडहून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि मग मुंबई-गोवा महामार्गाने खेड, पोलादपूर, महाड. कशेडी घाटाला आता बोगदा झाल्याने तिथली वळणं टळतात. दुसरा रस्ता सातारा, महाबळेश्वर करून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरतो. तो देखणा आहे, पण इतका वळणावळणांचा की गाडी लागणारं कुणी बरोबर असेल तर तिकडे वळूच नये. कुंभार्लीचा रस्ता सध्या कसा आहे याची निघण्याआधी चौकशी करा, दर पावसाळ्यानंतर त्याची तऱ्हा बदलते.

भाड्याची गाडी करत असाल तर केए २२ पाटीच्या टुरिस्ट गाडीकडे महाराष्ट्रात चालणारा परवाना आहे का, हे ठरवतानाच विचारा. कोगनोळीला गाडी बाजूला लावून कागद शोधत बसण्यात सकाळचा गार वेळ जातो. बसने जायचं तर कोल्हापूर किंवा पुण्याला गाडी बदलत जावं लागतं, आणि सीमाप्रश्नावरून काही पेटलं की दोन्हीकडच्या बसगाड्या आगारातच थांबतात हे आपल्याला नवीन नाही. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेतला बायकांचा मोफत बसप्रवासही कर्नाटकाच्या हद्दीपुरताच. थोडक्यात, ज्येष्ठ बरोबर असतील तर स्वतःची गाडी बरी.

मुक्काम महाडला करा किंवा थेट पाचाड भागात. महाडला हॉटेलं, औषधाची दुकानं, दवाखाने आहेत. पाचाडला राहिलं तर सकाळचे पंचवीसेक किलोमीटर वाचतात. मी पाचाडच्या बाजूने आहे, मात्र रात्रीच्या जेवणाचं यजमानांना दुपारीच फोन करून सांगायचं.

सकाळ

रोपवेचं खालचं स्थानक हिरकणीवाडीत आहे. सुरू होण्याची वेळ आणि त्या दिवशीचा वारा यांची आदल्या संध्याकाळी फोनवर खात्री करा. आगाऊ तिकीट काढता येत असेल तर काढाच, आणि जाण्या-येण्याचं एकत्रच घ्या. गडावर पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं असतं. रोपवे सुरू होण्याआधी अर्धा तास रांगेत असावं. पहिल्या काही फेऱ्यांत वर गेलात तर नऊच्या आत राजसदरेवर उभे राहाल आणि ऊन चढायच्या आत परत फिराल. अकराला वर पोचलेल्या माणसाला गड तापलेलाच मिळतो.

नाश्ता हलका. दशमी आणि शेंगाचटणी पुरे, पोटभर मिसळ उतरल्यावर. रोजच्या गोळ्या खालीच घ्या, पाण्याची बाटली प्रत्येकाच्या हातात द्या आणि स्वच्छतागृहही खालीच उरकून घ्या. चपला नकोत, मागे पट्टा असलेली किंवा बुटासारखी पादत्राणं हवीत. बायकांनी नऊवारी नेसायची हौस जरूर करावी, पण पायऱ्यांवर काठ पायाखाली येणार नाही अशी.

रोपवेची तार सुमारे साडेसातशे मीटर लांब आहे आणि ट्रॉली जवळपास चारशे मीटर उंची चार-पाच मिनिटांत चढते. एका बाजूच्या ट्रॉल्या वर जातात तेव्हा दुसऱ्या बाजूच्या खाली येतात. दोन्हींचा भार एकमेकांना तोलतो, त्यामुळे यंत्राला फरकापुरतंच ओढावं लागतं. मध्यावर खाली येणारी ट्रॉली शेजारून जाते आणि पलीकडची अनोळखी माणसं हात हलवतात. ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर समोरून काही येतंय असं दिसलं की दचकायला होतं. स्थानकात शिरताना हलका हिसका बसतो, तोही सांगून ठेवा.

उंचीची भीती असेल त्यांना कड्याकडे तोंड करून बसवा. त्या बाजूला नजरेसमोर कातळ आणि झाडोरा असतो, दरी पाठीमागे राहते. ज्यांना भीती नाही त्यांनी दरीकडे बघावं. हिरकणीवाडीची कौलं आणि पत्रे बघता बघता काडेपेटीएवढे होतात, पाचाडचा रस्ता दोऱ्यासारखा दिसू लागतो आणि त्यामागे कोकणातल्या डोंगरांच्या एकामागे एक रांगा उघडत जातात.

वर काय आणि कोणत्या क्रमाने

वरचं स्थानक मेणा दरवाजाच्या अंगाला आहे. तिथून राणीवशाच्या जोत्यांवरून राजसदरेकडे वाट जाते. वाटाड्या करणार असाल तर इथेच ठरवा आणि एकच अट घाला : चाल आजोबांची, तुमची नाही. वाटाड्यांना गोष्टी तोंडपाठ असतात आणि पुढच्या गटाची घाईही असते.

बहुतेक लोक राजसदरेवरच तासभर रेंगाळतात आणि समाधीपर्यंत जायची वेळ येते तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं. ज्येष्ठांबरोबर उलटं करा. राजसदर, होळीचा माळ, बाजारपेठ जाताना नुसती ओलांडा आणि थेट जगदीश्वर गाठा. वाट लांब असली तरी पाय ताजे असतात. मंदिराच्या पायरीवर ‘सेवेचे ठायी तत्पर’ ही हिरोजी इंदुलकरांची ओळ कोरलेली आहे. गड बांधणाऱ्या माणसाने आपलं नाव येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांशी ठेवलं. इथे आजोबांना टेकवा, घोटभर पाणी द्या, घाई करू नका. पुढेच महाराजांची समाधी. तिथे काय बोलायचं ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

डोंगर पाहायचे ते या बाजूने. पूर्वेकडे लिंगाण्याचा सुळका एकटाच उठलेला दिसतो आणि हवा स्वच्छ असेल तर त्यापलीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर तोरणा आणि राजगड. खाली काळ नदीचं खोरं. सकाळी सूर्य त्याच बाजूला असल्याने लिंगाणा काळ्या सावलीसारखा दिसतो, फोटोत तपशील येत नाही. फोटोसाठी थांबून दुपार करू नका, डोळ्यांना ती काळी कडाच जास्त भावते. टकमक टोकाकडे ज्येष्ठांना नेण्याचं कारण नाही. वाट निमुळती, वारा जोराचा. नातवंडांना मोठ्या माणसाचा हात धरून जाऊ द्या, बाकीच्यांनी होळीच्या माळावर बसावं.

परतताना बाजारपेठ निवांत पाहता येते. समोरासमोर दोन रांगा, मधे रुंद रस्ता आणि जोती चांगली उंच. घोड्यावरूनच सौदा करता यावा म्हणून ती उंच ठेवली, असं वाटाडे सांगतात. मग राजसदर. इथे एक खेळ जरूर करा. आईला मेघडंबरीच्या जवळ उभं करा, तुम्ही नगारखान्याच्या दारात जा आणि हळू आवाजात बोला. गर्दी नसेल तर शब्द समोर नीट पोचतात. ६ जून १६७४ ला इथेच राज्याभिषेक झाला. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या १२ किल्ल्यांत रायगड आहे, हे नातवंडांकडून वदवून घ्यायला हरकत नाही.

वर ताक, लिंबू सरबत, झुणका-भाकर मिळते. गडावरच्याच कुटुंबांचा तो धंदा असल्याने घासाघीस करू नये. सुटे पैसे जवळ ठेवा, मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही.

साडेअकराच्या आत वरच्या स्थानकावर परत या. उतरायची रांग दुपारनंतर वाढत जाते आणि थकलेल्या माणसाला उभं राहणं चढण्यापेक्षा जड जातं. कुणी चालताना मध्येच दमलं तर फेरी पूर्ण करण्याचा हट्ट नको. एकाने त्यांच्याबरोबर परत फिरावं, बाकीच्यांनी पुढे जावं. हे घरून निघतानाच ठरलेलं असेल तर वर चेहरे पडत नाहीत.

उतरल्यावर पाचाडला जिजाऊंची समाधी. राज्याभिषेकानंतर थोड्याच दिवसांत, १७ जून १६७४ ला, त्यांनी इथेच देह ठेवला. चढ नाही, गाडी जवळ जाते. गड पाहून आलेली आजी इथे बराच वेळ बसते असा अनुभव आहे, तेव्हा जेवणाआधी अर्धा तास राखून ठेवा. जेवून दीडपर्यंत निघालात तर रात्री उशिरा बेळगाव गाठता येतं, पण चिपळूण किंवा कराडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आलेलं बरं.

वाऱ्यामुळे रोपवे बंद ठेवला असेल तर चालकांशी वाद घालू नका आणि ‘इतकं लांब आलोय’ म्हणून ज्येष्ठांना पायऱ्यांकडे वळवू नका. तासभर वाट बघा, वारा पडला की फेऱ्या सुरू होतात. नाहीच झाल्या तर पाचाडची समाधी आणि जिजाऊंचा वाडा पाहून महाडला चवदार तळ्यावर जा. १९२७ च्या सत्याग्रहाची ती जागा, सपाट आणि बसायला सोयीची. एक रात्र वाढवायची तयारी असेल तर दुसऱ्या दिवशी पहिली फेरी धरा. मुक्कामाच्या ठिकाणी खोली रिकामी आहे का, एवढं तेवढं सकाळीच विचारून ठेवा.