गावातला धिंगाण्याचा बार कायमचा बंद करायचा तं हे करा

साहेब लोकं आले, बार सील केला, एवढ्यावर खुश होऊ नका बायांनो. गावात दोन गट पडतात, एक म्हनते बरं झालं, दुसरा म्हनते धंदा काहून बुडवता, अन् थोड्या दिवसानं शटर पुन्हा वर. कायमचं बंद पाहिजे तं मतदानच घ्या, 2008 च्या शासन आदेशात तशी सोय आहे.

आधी मतदार यादी आणा. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज उत्पादन शुल्क खात्याले द्या, पोच घ्याच. यादीत जसं नाव तसंच लिहा, कारण सह्यांची पडताळणी होते, अन् नेमकं त्याच दिवशी अर्ध्या जणी कापूस वेचायले गेल्या तं सगळं फसते.

मंग मतदान. चिठ्ठीवर आडवी बाटली म्हंजे बंद, उभी म्हंजे चालू. इथंच गावं हारतात! पडलेल्या मतांच्या नाही, यादीतल्या एकूण बायांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, यादीत 800 तं आडवीले 401 पाहिजेच, घरी बसलेली बाई बारवाल्याच्याच कामाची. म्हणून पुण्याले कामाले गेलेल्या, वीटभट्टीवरच्या, सगळ्यायले आधीच फोन लावा, म्हाताऱ्या आज्यांसाठी ऑटो सांगून ठेवा.

तोवर रात्री 10 नंतर डीजे वाजला की 112 ले फोन करा, अन् तारीख-वेळ वहीत लिहा.