मांजरासाठी वेगळी कुंडी

मांजर झाडांची पानं कुरतडतं म्हणून ओरडून उपयोग नाही. त्याला त्याचं गवत द्या. मूठभर गहू रात्रभर भिजवून पसरट कुंडीत पेरा, वर मातीचा पातळ थर. आठवड्याभरात बोटभर गव्हांकुर येतात. कुंडी जड हवी, नाहीतर ओढाताणीत सगळी माती फरशीवर!

मनीप्लांट उंच टांगा आणि लोंबणारे वेल छाटत राहा. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी मांजराच्या तोंडाची आग होते, लाळ गळते. लिली मात्र घरात नकोच, पुष्पगुच्छातलीसुद्धा. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. उलटीची वाट न बघता थेट पशुवैद्याकडे न्या. अरेका पाम, स्पायडर प्लांट खुशाल ठेवा. फार तर पानांची टोकं जातील.