चार तासांच्या आत मॅरेथॉन: कोल्हापुरातून तयारी करणाऱ्यांसाठी

४२.१९५ किमी चार तासांत म्हणजे किलोमीटरला ५:४१ (५ मिनिटं ४१ सेकंद). पण हा आकडा धरून सराव केला की गणित चुकतं. शर्यतीत प्रत्येक वळण आतून घेता येत नाही, गर्दीतून वाट काढावी लागते, आणि शेवटी घड्याळावर ४२.६ च्या आसपास अंतर दिसतं. म्हणून ५:३८ धरा. त्या वेगानं ४२.६ किमी झाले की ३:५९:५९ होतात. बुटाची लेस बांधायलाही वेळ उरत नाही.

अर्ध मॅरेथॉन १:५२ (एक तास ५२ मिनिटं) च्या आसपास येत नसेल तर यंदा हा नाद नको. येत असेल तर जानेवारीच्या तिसऱ्या रविवारच्या मुंबई मॅरेथॉनसाठी सप्टेंबरच्या मध्यापासून १८ आठवडे मिळतात. आठवड्याला ४० किमीपासून सुरू करून हळूहळू ६० पर्यंत जायचं, आणि दर चौथ्या आठवड्याला पाव भाग कमी करायचा.

सगळ्यात मोठी चूक रोज पहाटे रंकाळ्यावर दिसते. सोबत्याच्या नादानं प्रत्येक दिवस ५:४५ नं पळणं! हा वेग धड सावकाशही नाही आणि धड जोराचाही नाही. पाय शिळेच राहतात, मग गुरुवारचा टेम्पो (म्हणजे सलग जोराची धाव, ५:१५ ते ५:२० नं ६ ते ८ किमी) अर्ध्यावर सोडावा लागतो. सोप्या दिवशी ६:३० ते ६:५० नंच पळायचं. पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. दोन शब्दांत दम लागला तर वेग जास्त आहे. तालमीतली रग इथं उपयोगाची नाही. तळ्याभोवती एकाच दिशेनं फेऱ्या मारल्या की रस्त्याच्या उतारामुळे एकाच पायावर ताण येतो, म्हणून दिशा आलटूनपालटून बदला.

लांब धाव रविवारी. ३० ते ३२ किमीच्या तीन पुरेत, शेवटची शर्यतीच्या तीन आठवडे आधी. त्यांच्या मध्ये २४ किमीची एक धाव अशी करा की शेवटचे १० किमी ५:३८ नं होतील. थकल्या पायांना तो वेग ओळखीचा करून देणारा दुसरा उपाय नाही. चढासाठी विद्यापीठाचा परिसर चांगला. पन्हाळा शहरापेक्षा सुमारे ४०० मीटर उंच आहे. चढायला हरकत नाही, पण खाली पळत येऊ नका. उतारानं मांडीचे पुढचे स्नायू आठवडाभर दुखतात.

गळीत हंगामात अंधारात रस्त्यावर पळणार असाल तर कपाळावर दिवा हवाच, आणि समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून पळा. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही.

खाण्याची तालीमही लांब धावेतच होते. तीस किलोमीटरनंतर पाय जड होतात कारण स्नायूंतली साखर संपत येते. म्हणून तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. आपला गूळ चालतो: १० ग्रॅमच्या खड्यात साधारण ९ ग्रॅम. पण घामानं खिशात त्याचा चिखल होतो, आणि पाण्याशिवाय घेतला तर पोट ढवळतं. पहिला खडा ४० व्या मिनिटाला. भूक लागायची वाट बघितली तर उशीर झालेला असतो. आदल्या रात्री तांबडा रस्सा नको, वरण-भात बरा. धावेआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे प्यायलेल्या पाण्याखेरीज सुमारे लिटरभर घाम गेला. त्याहून जास्त पाणी पिणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. धावेआधी वेदनाशामक गोळी तर नकोच, किडनीवर ताण येतो.

आपल्या थंड, कोरड्या पहाटेला सरावलेलं अंग मुंबईच्या दमट हवेत त्याच वेगाला जास्त धापा टाकतं. डिसेंबरातल्या दोन लांब धावा मुद्दाम सात वाजता सुरू करा. शर्यतीत अर्ध्यावर १:५९ ते २:०० दिसायला हवं. १:५४ दिसलं तर खूश होऊ नका. ती पाच मिनिटं शेवटच्या टप्प्यातला पेडर रोडचा चढ व्याजासकट वसूल करतो. तिथं किलोमीटरला १५ सेकंद गेले तर जाऊ द्या, माथ्यावर पोहोचल्यावर ते एका दमात भरून काढायला जाऊ नका.