इन्स्टंट गिझर घ्यायचा का? आधी हा हिशेब करा

साठवणीचा गिझर काढून बिनटाकीचा बसवावा की नाही, हे दुकानात कळत नाही. घरच्या नळावर कळतं.

१. थंडीतल्या सकाळी नळाच्या पाण्याचं तापमान मोजा. समजा १८ अंश आलं. अंघोळीला साधारण ४० लागतं, म्हणजे फरक २२.

२. गिझरच्या किलोवॅटला १४ने गुणा आणि या फरकाने भागा. मिनिटाला किती लिटर मिळेल ते येतं. ३ किलोवॅटला उत्तर २ लिटरच्या जरा आतच येतं, म्हणजे २० लिटरची बादली भरायला दहा मिनिटं. कढत पाणी काढून विसण घातलं तरी गणित तेच.

३. आता घरातली माणसं मोजा. चौघांना तासाभरात आवरून निघायचं असेल तर जुनाच ठेवा. एकट्यादुकट्याचं घर असेल किंवा फक्त भांड्यांच्या सिंकला गरम पाणी हवं असेल, तर खुशाल बदला.

४. साडेचार किलोवॅटचा घेणार असाल तर आधी वायरमनला विचारा. तो सुमारे २० अँपिअर ओढतो, नेहमीच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर चालत नाही. वेगळी लाइन टाकायचा खर्च किमतीत धरा, तो कोणी सांगत नाही.

गॅस गिझर पाणी भराभर देतो, पण तो बंद बाथरूममध्ये कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने माणसं दगावली आहेत. बाहेर, मोकळ्या हवेत जागा नसेल तर तो विचारच सोडा.