वडशात नाटकवाल्यांच्या वस्तीत जागा घ्यायची तर दोनदा जा

दसरा झाला की गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या, म्हणजे आपल्या वडशाच्या बाजारात नाट्यमंडळांच्या पाट्या चढतात. एक टेबल, चार खुर्च्या, तारखांची वही आणि भिंतभर पोस्टरं, एवढ्यावर कंपनीचं कार्यालय उभं राहतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानपट्ट्यातून गावोगावची मंडळं इथं येऊन आपल्या मंडईसाठी, म्हणजे गावच्या जत्रेसाठी, नाटक ठरवतात. या भागाला झाडीपट्टी म्हणतात. तिच्या रंगभूमीला २०२३ साली इथले नट परशुराम खुणे यांच्या पद्मश्रीने देशभर नाव मिळालं आणि तेव्हापासून ‘वडशात एखादा गाळा घेऊन ठेवावा काय’ हा प्रश्न जरा जास्तच ऐकू येतो.

घ्यायला हरकत नाही, पण ही वस्ती वर्षाचे पाच-सहा महिने जागी असते. भाऊबीजेला नाटकं सुरू होतात आणि होळीच्या आसपास गाडा थांबतो. हंगामात पाहिलेली जागा आणि श्रावणात पाहिलेली तीच जागा यांची ओळख पटत नाही. म्हणून एक फेरी डिसेंबर-जानेवारीत करा आणि दुसरी ऑगस्टमध्ये. दुसरी फेरी होईपर्यंत इसार देऊ नका.

पहिली फेरी, थंडीतली

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत रस्त्याने तीन ते साडेतीन तास लागतात. नागपूर-नागभीड ही जुनी छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली, त्यामुळे त्या बाजूने गाडी आहे का ते आधी विचारून घ्या. गोंदिया-बल्लारशा मार्गावर मात्र वडसा स्टेशन आहे, आणि गोंदियाकडून येणाऱ्याला रेल्वेच सोयीची. मुक्कामाची खोली आधी सांगून ठेवा, कारण हंगामात लॉजच्या खोल्या कलाकारांनी धरलेल्या असतात.

सकाळी दहाला बाजारात पोचलात तर बरीच शटरं खाली दिसतील. त्यावरून निष्कर्ष काढू नका. रात्रभर नाटक करून आलेली माणसं तेव्हा झोपलेली असतात. दुपारी बारानंतर कार्यालयं उघडतात, गावचे लोक येतात, तारखा ठरतात. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला नेपथ्य, पेट्या, ऑर्गन आणि माणसं गाड्यांत भरून गावांकडे निघतात. हे निघणं उभं राहून पाहाच. कोणत्या गल्लीत मोठी गाडी वळते आणि कोणत्या गल्लीत सामान खांद्यावर वाहून न्यावं लागतं, हे पाच मिनिटांत कळतं. सामान ठेवायच्या जागेपुढे निदान बारा फूट मोकळा रस्ता हवा. त्याहून अरुंद गल्लीतली जागा कार्यालयाला चालेल, गोदामाला नाही.

गाड्या निघाल्या की गल्ली ओस पडते, आणि बाहेरून येणारे नेमके इथे फसतात. नाटकाची वस्ती म्हणजे रात्रीची वर्दळ, तेव्हा खाण्यापिण्याचं दुकान चालेल, असा हिशेब ते मांडतात. प्रयोग तर वीस-पन्नास किलोमीटरवरच्या गावात असतो. वडशात गिऱ्हाईक असतं ते दुपारचं. त्या रात्री तुम्हीही एखाद्या गाडीच्या मागोमाग गावात जा आणि तिकीट काढून नाटक पाहा. दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि घरी परतायला पहाट होते, तेव्हा चादर, कानटोपी आणि टॉर्च जवळ असू द्या. ज्या धंद्याच्या भाड्यावर पैसे लावणार, त्याची तिकीटविक्री एकदा तरी डोळ्यांनी पाहिलेली बरी.

दुसरी फेरी, पावसातली

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, सलग दोन-तीन दिवस पाऊस पडून गेल्यावर जा. वैनगंगा गावाला लागून आहे आणि वर गोसीखुर्द धरण आहे. २०२० च्या ऑगस्टअखेरीस धरणातून पाणी सोडल्यावर वडसा-ब्रह्मपुरी भागातल्या गावांत पूर शिरला होता. त्याच वर्षी कोरोनाने नाटकांच्या हंगामालाही मोठा फटका दिला. ज्यांचं सगळं उत्पन्न कलाकारांच्या भाड्यावर होतं, त्यांच्या हाती त्या साली फार काही लागलं नाही.

पाणी कुठवर येतं हे मालकाला विचारू नका. समोरच्या चहावाल्याला विचारा: “भाऊ, वीसच्या पुरात इथं पाणी कुठवर होतं जी?” तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. तेवढ्यावर न थांबता नगरपरिषदेत जाऊन पूररेषेचा नकाशा पाहा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाची परवानगी मिळणार नाही असंच धरून चाला. दोन रेषांच्या मधल्या जागेलाही जोत्याच्या उंचीच्या अटी लागतात.

जोतं स्वतः मोजा. सिमेंट रस्त्यावर थरावर थर चढत गेल्याने जुन्या घरांची जोती रस्त्याच्या खाली गेली आहेत. मिस्त्रीकडे पाणी भरलेली लेव्हलची नळी असते. एक टोक रस्त्याच्या मध्यावर आणि दुसरं आतल्या फरशीवर धरलं की फरक इंचात कळतो. फरशी रस्त्यापेक्षा निदान दीड फूट वर हवी. ती खाली असेल तर भरणी करावी लागेल, भरणी केली की दार बुटकं होईल आणि दार उचललं की छपरापर्यंत हात घालावा लागेल. भावात हा खर्च आधीच वजा करा.

मातीच्या भिंती आणि कवेलूचं, म्हणजे कौलारू घर असेल तर तीन गोष्टी पाहा. सागाच्या फाट्याचं, म्हणजे छपराचं वजन पेलणाऱ्या लाकडाचं टोक जिथं भिंतीत शिरतं तिथं पेचकस टोचा. तो अर्ध्या इंचाहून जास्त सहज आत गेला तर वाळवीने किंवा ओलीने लाकूड खाल्लेलं आहे. फाटा मधे कितीही टणक वाजला तरी त्याचा उपयोग नाही, कारण वजन टोकावर असतं. मग भिंतीच्या तळाशी दोन-तीन फुटांपर्यंत पांढरा लोणा आहे का ते बघा. विकायच्या आधी बरेच जण मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारून देतात. दिसायला छान दिसतं, पण आतली ओल बाहेर पडायला वाट उरत नाही आणि दोन पावसाळ्यांत प्लास्टर पापुद्र्यासारखं सुटून सोबत मातीही घेऊन येतं. बोटाच्या पेराने ठोकून पाहा, पोकळ आवाज आला की भाव खाली आणा. तिसरी गोष्ट कवेलूची. दरवर्षी मिरगाच्या आधी ते फेरावे लागतात, आणि आता कवेलू फेरणारी माणसं शोधावी लागतात.

कागद

विदर्भात कागदाच्या भानगडी बाकी महाराष्ट्रापेक्षा चार जास्त आहेत. वकील लावणारच असाल, तरी हे तुम्हाला आधी ठाऊक असू द्या.

शहर हद्दीतल्या जागेची आखीव पत्रिका काढा, सातबारा असेल तर तोही, आणि धारणाधिकार काय लिहिलाय ते वाचा. नझूल म्हणजे जमीन सरकारची आणि विकणारा पट्टेदार. पट्ट्याची मुदत संपली आहे का, नूतनीकरण झालं का, शर्तभंगाची नोंद आहे का, हे भूमी अभिलेख आणि तहसीलमधून लेखी घ्या. नझूल जमीन पूर्ण मालकीची करून देणाऱ्या योजना सरकार मधूनमधून काढतं. ते पैसे विकणाऱ्याने भरावेत आणि मगच खरेदी व्हावी. ‘खरेदीनंतर आपण करून घेऊ’ यात घेणाराच अडकतो. भोगवटादार वर्ग-२, म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन, असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

जमीन अनुसूचित जमातीच्या व्यक्तीची असेल आणि घेणारा बिगर-आदिवासी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे परवानगी लागते. ती नसेल तर व्यवहार टिकत नाही आणि जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. गडचिरोली जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरी येतो. आजची नोंद पाहून भागत नाही. मागच्या फेरफारांत कुठं आदिवासी खातेदाराकडून जमीन गेली आहे का, ते पार मागपर्यंत तपासा. आडनावावरून अंदाज बांधू नका, नोंदच पाहा.

गावाबाहेर ‘नाट्यनगरीलगत’ म्हणून कोणी स्वस्त प्लॉट दाखवला तर सातबाऱ्यावर ‘झुडपी जंगल’ हे दोन शब्द शोधा. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांची ही जुनी डोकेदुखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये झुडपी जंगलाला वनजमीनच मानलं आहे. तो शब्द दिसला की चहा पिऊन परत फिरा.

वारसांचं तर विचारूच नका. घर बाबांच्या नावाचं, राहणारा धाकटा, थोरला नागपूरला आणि दोन बहिणी चिमूर-आरमोरीला, ही नेहमीची मांडणी. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या हव्यात, ‘ताईची काही हरकत नाही’ हे तोंडी चालत नाही. मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध घ्या, स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस द्या आणि हरकतीची मुदत संपल्यावरच मोठी रक्कम हलवा. नुसत्या स्टँपपेपरवरच्या नोटरीने मालकी मिळत नाही, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. मुद्रांक शुल्क खरेदीची रक्कम आणि रेडी रेकनरचं मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर पडतं, तेव्हा मूल्यांकन आधीच काढून घ्या. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही. बाईच्या नावाने घेतल्यास शुल्कात १ टक्का सूट आहे, ती राहत्या घराला, गाळ्याला नाही. इसारासह कुठलीही रक्कम २०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर रोख देऊ-घेऊ नका.

खरेदी झाली की लगेच फेरफार आणि नगरपरिषदेच्या कर-आकारणीत नाव चढवा. मागची घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजबिल थकलेलं असेल तर ते आता तुमच्या गळ्यात आहे.

भाडं: बारा महिन्यांनी भागा

समजा शुल्क आणि दुरुस्ती धरून जागा १४ लाखांना पडली. पुढचा गाळा नाटक कंपनीला महिना ५,००० ने सहा महिने दिला तर ३०,००० झाले. मागच्या दोन खोल्या कलाकारांना प्रत्येकी ३,००० ने पाच महिने दिल्या तर आणखी ३०,०००. एकूण ६०,००० मधून कर, रंग, कवेलू, मोटार यांचे १५,००० काढा, उरले ४५,०००. म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आत. आता तोच गाळा दवाखान्याला, शिकवणीला किंवा धानाच्या अडत्याला ४,००० ने वर्षभर दिला तर ४८,००० येतात आणि उत्पन्न साडेचार टक्क्यांवर जातं. गाळा बारमाही भाडेकरूला आणि खोल्या हंगामी कलाकारांना, ही विभागणी वडशात जास्त जमते. आकडे तुमच्या जागेचे घाला, भागायची रीत तीच ठेवा. जागेचा भाव वाढेल या आशेवर घेत असाल तर मग वडसा-गडचिरोली रेल्वेमार्गाच्या कामाकडे लक्ष ठेवा, पण रेल्वे येणार या एका वाक्यावर किती तरी वर्षं प्लॉट विकले गेले आहेत, हेही ध्यानात असू द्या.

कलाकारांना खोली द्यायची तर रंगरंगोटीपेक्षा दोन गोष्टी मोलाच्या ठरतात. ते सकाळी सहाला येऊन दुपारपर्यंत झोपतात, तेव्हा खिडकीला जाड पडदा आणि शेजारी वेल्डिंगचं दुकान नको. नगरपरिषदेचं पाणी ते झोपलेले असतानाच येऊन जातं, म्हणून खोलीमागे निदान ५०० लिटरची टाकी हवी. महिला कलाकारांसाठी वेगळं संडास-न्हाणीघर असेल तर ती खोली दिवाळीआधीच लागते. वीजमीटर खोलीगणिक वेगळं ठेवा, नाहीतर मार्चमध्ये बिलावरून वाद ठरलेलाच. तालमीला जागा देणार असाल तर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हे करारात लिहून घ्या.

करार तोंडी नको, आणि अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, हाही गैरसमज सोडा. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची. वाद झाला आणि करार नोंदलेला नसला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या मानल्या जातात. नगरपरिषद हद्दीत या नोंदणीची फी १,००० रुपये आहे. घेताना आत जुना भाडेकरू बसलेला असेल तर रिकामा ताबा मिळाल्यावरच शेवटचा हप्ता द्या.

अनामत मात्र हंगामाच्या सुरुवातीलाच घ्या. होळीनंतर कंपनीची गाडी गेली की पाटी उतरते आणि फोन लागेनासा होतो.