ग्रामपंचायतीला उभ्या राहणाऱ्या पोरापोरींच्या पाठीशी: तयारीची यादी

पुरोगामी विचाराचं तरुण पोरगं ग्रामपंचायतीला उभं राहिलं की मित्रमंडळी आधी बॅनरचं डिझाइन काढतात. पण अशा उमेदवाराला पाडायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे उमेदवारी अर्जांच्या छाननीचं टेबल. त्यातून सुटून निवडून आलाच, तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे अपात्रतेचा अर्ज पडतो. म्हणून निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर व्हायच्या तीन-चार महिने आधी तीन माणसं नेमा: एक कागदपत्रांचा, एक मतदार यादीचा, एक हिशेबाचा. ही तिन्ही कामं उमेदवाराच्याच गळ्यात टाकली तर एकही धड होत नाही.

पहिलं काम यादीचं. ग्रामपंचायतीची प्रभागवार यादी विधानसभेच्या यादीवरून फोडतात. प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती नाव चुकीच्या प्रभागात गेलं किंवा लेखनिकाची चूक झाली अशा कारणांपुरतीच. नवं नाव तिथे घुसवता येत नाही. शिकायला-नोकरीला पुण्यात गेलेल्या उमेदवाराचं नाव पुष्कळदा तिकडेच असतं. ते अर्ज क्रमांक ८ भरून वेळेत गावात आणा. पहिल्यांदाच नोंदणी होत असेल तर अर्ज क्रमांक ६. याच खेपेला प्रभागातल्या नव्या सुनांची आणि अठरा पूर्ण झालेल्यांची नोंदणी करून घ्या. प्रभागात मतं काहीशे असतात, निकाल कधी पाच मतांवर लागतो, तेव्हा वीस नावांची नोंदणी चार सभांपेक्षा जास्त मोलाची.

आता पात्रता. वय २१ पूर्ण हवं. जन्म १ जानेवारी १९९५ किंवा त्यानंतरचा असेल तर किमान सातवी उत्तीर्ण असल्याचा पुरावा हवा. शाळा सोडल्याचा दाखला जुना असेल तर शाळेतून साक्षांकित प्रत आत्ताच घ्या. १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यांमुळे संख्या दोनापेक्षा जास्त होत असेल तर तो विषय तिथेच संपतो.

खरी मेख घरपट्टीत आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत ग्रामपंचायतीचा कर भरला नाही तर माणूस अपात्र ठरतो, आणि एकत्र कुटुंबाची थकबाकीही अंगावर येऊ शकते. घर आजोबांच्या नावावर, नळजोड काकांच्या नावावर, अशी आपली रीत. तेव्हा घरात ज्याच्या ज्याच्या नावावर नोंद आहे त्या प्रत्येकाची घरपट्टी-पाणीपट्टी भरा. पावती क्रमांकासह घ्या, ‘नंतर देतो’ ऐकू नका. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचा, दाखला घेताना त्यावर तारीख आणि जावक क्रमांक आहे ना, ते बघा.

त्याहून चिवट प्रकरण अतिक्रमणाचं. गायरानावरचं किंवा गावठाणातल्या सरकारी जागेवरचं घर, रस्त्यात आलेला ओटा, यावरून सदस्यपद जातं. अतिक्रमण सासऱ्यानं केलं, मी नाही, हा बचाव सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या जनाबाई प्रकरणात मान्य केला नाही. दुसरीकडे २०२४ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांना त्याच न्यायालयानं पद परत दिलं आणि निवडून आलेल्या बाईला इतक्या सहज हटवण्यावर कडक शब्द वापरले. पण तिथवर पोहोचेपर्यंत कारकीर्दीची वर्षं कोर्टकचेरीत जातात. म्हणून घराचा नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा काढा, जागा मोजून घ्या, ओटा बाहेर असेल तर अर्ज भरण्याआधी काढून टाका. भूमिहीन आणि दलित वस्तीतल्या उमेदवारांना हे कलम जास्त लागतं, कारण त्यांची घरंच सरकारी जागेवर उभी असतात. अशा ठिकाणी वकिलाचा सल्ला पहिल्याच आठवड्यात घ्यावा.

शौचालय आहे आणि वापरात आहे याचा पुरावाही लागतो. राखीव जागेसाठी जातीचा दाखला, आणि वैधता प्रमाणपत्र नसेल तर पडताळणी समितीकडे प्रस्ताव दाखल केल्याची पोच व हमीपत्र. हमीपत्रात लिहिलेल्या मुदतीत वैधता आली नाही तर निवड रद्द होते. ही तारीख कागदपत्रं बघणाऱ्यानं आपल्या फोनवर लावून ठेवावी, उमेदवार निवडून आल्यावर ती विसरतो.

निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं लागतं, ते आधीच उघडा. कार्यक्रम लागल्यावर तालुक्याच्या शाखेत रांग लागते. अर्ज संगणकावर भरून, छापून, सही करून तहसीलला द्यायचा असतो. सही राहिलेली पानं आणि मोकळे सोडलेले रकाने ही फेटाळणीची नेहमीची कारणं. काही लागू नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. सूचक, म्हणजे अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणारा, त्याच प्रभागातला मतदार घ्या आणि असा घ्या जो रात्रीतून फिरणार नाही. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका: डिसेंबर २०२० आणि डिसेंबर २०२२ मध्ये संकेतस्थळ इतकं मंदावलं की राज्य निवडणूक आयोगाला हातानं भरलेले अर्ज घ्यायला परवानगी द्यावी लागली. प्रत्येक कागदाचे तीन संच करा: एक दाखल करायला, एक छाननीला सोबत, एक घरी.

अर्ज भरला की ‘बिनविरोध करू’ची बैठक येते, बहुधा देवळात. बोली लागते, देणगी ठरते. जानेवारी २०२१ मध्ये नाशिकच्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथल्या निवडणुका आयोगानं अशाच लिलावामुळे रद्द केल्या होत्या. माघारीच्या मुदतीपर्यंत उमेदवाराला एकटं सोडू नका. वाळीत टाकण्याची भाषा आली तर सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे. तारीख, जागा, बोलणारे लिहून ठेवा.

ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढत नाहीत, पॅनेलवर लढतात. पॅनेलप्रमुखानं पैसा लावला तर पुढे ठेकाही तोच मागतो, हे आधी बोलून घ्या. जाहीरनाम्यात ग्रामपंचायतीच्या हातातलंच लिहा: महिला ग्रामसभा वेळेवर, पंधरा टक्के मागासवर्गीय निधी कुठे गेला त्याचा फलक, सर्व जातींना एकच स्मशानभूमी. कोल्हापूरच्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, तो ग्रामसभेच्या अधिकारातच. कारखाना आणू, असलं काही नको. उमेदवार बाई असेल तर फलकावर फोटो तिचा एकटीचा. पती हात जोडून शेजारी उभा राहिला की गावाला काय समजायचं ते समजतं.

मुंबई-सुरतेला गेलेल्यांना, ऊसतोडीला गेलेल्यांना तारीख कळताच फोन करा. त्यांच्यासाठी गाडी भाड्यानं करू नका, तो गुन्हा आहे.

प्रचाराच्या शेवटच्या चार दिवसांत घरोघर नमुना मतपत्रिका घेऊन बसा. प्रभागात तीन जागा आणि थेट सरपंच असेल तर मतदाराला चार मतं द्यायची असतात. आपल्या माणसाचं एक बटण दाबून आजी निघून जाते आणि केंद्रावर गोंधळ होतो. जागांच्या पत्रिका वेगवेगळ्या रंगांच्या असतात. कुठल्या रंगावर कितवं नाव, हे बोटानं दाखवा, तोंडी सांगून भागत नाही. मतदान प्रतिनिधी चाचणी मतदानाला हजर हवा, जेवणाचा डबा बांधून, आणि यादीच्या दोन प्रती घेऊन.

हिशेबवाल्याचं काम निकालानंतर संपत नाही. रोजचा खर्च रोज लिहा, चहाची पावतीसुद्धा. मर्यादा ग्रामपंचायतीच्या सदस्यसंख्येवर ठरते, चालू आदेश तहसीलमधून घ्या. निकालापासून तीस दिवसांत हिशेब दाखल करायचा, हरलेल्यानंही आणि बिनविरोध आलेल्यानंही. नाहीतर पाच वर्षांपर्यंत उभं राहता येत नाही. पहिल्या खेपेला पडलेली पोरं हा कागद टाळतात आणि पुढच्या निवडणुकीतून बाद होतात. त्यामुळे निकालानंतरच्या पहिल्या सोमवारीच हिशेब देऊन पोच घ्या.