मावशीच्या फोनमधला 'व्हायरस'

मावशीच्या फोनवर दिवसभर टिंगटिंग: 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला, लगेच साफ करा!' दुकानदार म्हणाला, फॉरमॅट मारा. म्हणजे नातवाचे फोटो गेलेच की!

नोटिफिकेशन नीट पाहिलं तर त्यावर क्रोमचं चिन्ह आणि बारीक अक्षरात भलत्याच वेबसाइटचं नाव. व्हायरस कसला, हे वेब पुश, म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमार्फत पाठवलेली नोटिफिकेशन्स. क्रोममध्ये ही सोय २०१५ पासून आहे. एकदा 'अलाऊ' दाबलं की साइटची सर्व्हिस वर्कर नावाची छोटी स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये मुक्काम ठोकते. पान बंद केलं तरी मेसेज येत राहतात. अनारशांची कृती शोधताना 'तुम्ही रोबो नाही ना? मग अलाऊ दाबा' असं आलं होतं म्हणे. काय एकेक युक्त्या काढतात!

क्रोममधले तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथल्या यादीतल्या अनोळखी साइट्स ब्लॉक केल्या आणि वरचं मुख्य बटणही बंद केलं, म्हणजे नवी साइट विचारायलाच येणार नाही. व्हॉट्सअ‍ॅप आणि बँकेचे एसएमएस याने बंद होत नाहीत, हे मावशीला दोनदा सांगावं लागलं.

नोटिफिकेशन समोरच असेल तर त्यावर बोट दाबून धरा, तिथूनही सेटिंगमध्ये जाता येतं.